तिसऱ्या खुर्चीची बाटली

सोमवार, ६ जानेवारी

धाकटे,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद वाजत नाही, त्यामुळे तो तुला कापता येणार नाही. फाडता येईल, पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच, आणि मला तेवढ्या पुरेत.

काम आहे. भांडणाचं नाही, दवाखान्याचं. नोंदणीचं नूतनीकरण आलंय आणि यंदा नवा नियम निघालाय. दात कोरताना जे पाणी पेशंटच्या तोंडात फवारलं जातं त्याची लॅबमधून तपासणी करून आणायची. मोठे सर म्हणाले, "एक नमुना घ्या, तिन्ही खुर्च्यांचं पाणी एकच आहे." तपासणीवाल्या बाई म्हणाल्या, "खुर्च्या तीन, तर नमुने तीन." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

तर नमुना घ्यायचा कसा, ते कळव. नळीचं टोक पुसायचं का, आधी पाणी सोडून द्यायचं का, लॅबला किती तासांत पोचवायचं. तू कॉलेजात शिकवतेस, प्लास्टिकच्या दातांवर का होईना, तुला हे तोंडपाठ असेल. नेटवर दहा जण दहा तऱ्हा सांगतात.

माझी खोली आहे तशीच आहे. मळकी अवजारं डावीकडून आत येतात, धुवून, वाळून, पाकिटात बंद होऊन वाफेच्या यंत्रात जातात आणि उजवीकडून बाहेर पडतात. बावीस वर्षांत एकही पाकीट तारखेशिवाय बाहेर पडलेलं नाही. दर सोमवारी यंत्रात जंतूंची पट्टी ठेवते आणि ते सगळे मेल्याचा दाखला वहीत चिकटवते. हाताखालच्या दोन पोरी मला मागे वाफबाई म्हणतात. म्हणू देत. सांडशी उलटी ठेवायला त्यांनाही माझी भीती वाटते.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा ती स्वतः जास्त कुरकुरते. रविवारी तिला तुझा फोन आला की मी गॅलरीत कपडे वाळत घालायला जाते. कपडे असतात किंवा नसतात. परवा तिने विचारलंच, "तीन वर्षं झाली, तुम्हा दोघींत नेमकं काय झालं ते मला कोणी सांगेल का?" मी म्हटलं, धाकटीलाच विचार. तू तरी कुठे सांगतेस.

उत्तर लवकर दे. सरांनी महिनाअखेरची तारीख दिली आहे.

ताई

शुक्रवार, १७ जानेवारी

धाकटे,

चिठ्ठी मिळाली. चार ओळी, वर नाव नाही, खाली सही नाही. औषधाच्या दुकानात द्यायची चिठ्ठीसुद्धा याहून प्रेमळ असते. पण काम झालं. टोक स्पिरिटने पुसलं, निर्जंतुक बाटलीत पाणी धरलं, थंड डब्यात ठेवलं आणि चोवीस तासांच्या आत स्वतः जाऊन लॅबमध्ये दिलं. लॅबमधला माणूस म्हणाला, "शिपायाला पाठवायचं." मी म्हटलं, माझ्या खोलीतलं काहीही मी दुसऱ्याच्या हाती देत नाही.

चौथ्या ओळीखाली मात्र तू दोन रेघा ओढल्यास: "आदल्या दिवशी काहीही धुवायचं नाही." धाकटे, मी चोर आहे का? कुठलंही काम मी उजळ माथ्याने करते, लपूनछपून नाही. दोन रेघा पाहून माझं डोकं अर्धा दिवस तापलेलं होतं.

आता खरं सांगते. चिठ्ठी आली तेव्हा मी तिसऱ्या खुर्चीच्या फवाऱ्याला जोडलेली पाण्याची बाटली हातात घेऊन सिंकपाशीच उभी होते. एका हातात बाटली, दुसऱ्यात क्लोरीनचं द्रावण. झाकण काढून आत बोट फिरवलं होतं, जरा बुळबुळीत लागलं म्हणून. काउंटरवरची पोरगी तुझी चिठ्ठी घेऊन आली, मी वाचली, आणि बाटली होती तशी परत लावून टाकली. नियम तो नियम. तू लिहिलं नसतंस तरी मी कदाचित थांबलेच असते. कदाचित.

निकाल दहा-बारा दिवसांत येईल. मला काळजी नाही. सरांना आहे, ते उगाच खोलीत येऊन जातात आणि "सगळं व्यवस्थित ना?" विचारतात. बावीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला.

आईने विचारलं, कोणाचं पत्र होतं. मी म्हटलं, एका डॉक्टरीणबाईंचं. ती म्हणाली, "अक्षर अजून तसंच आहे का तिचं, मुंग्यांसारखं?" मी दाखवलं नाही, पण हो म्हटलं.

ताई

गुरुवार, ३० जानेवारी

धाकटे,

निकाल आला. एका मिलीलिटरमागे पाचशेपर्यंत जंतू चालतात. पहिली खुर्ची साठ. दुसरी नव्वद. तिसरीपुढे आकडाच नाही. लिहिलंय, "मोजता येण्याच्या पलीकडे".

मी कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. मग लॅबला फोन केला आणि त्या माणसाला सुनावलं की तुमच्याच भांड्यात घाण असेल. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "मॅडम, भांडी तिन्ही एकाच पेटीतली होती."

आता कारणं बघ. एक तर ती खुर्ची जुनी, नळ्या पिवळ्या पडल्यात. दुसरं, तू गेल्यापासून तिथे कवळीवाले डॉक्टर बसतात. ते मापं घेतात, कवळ्या घासतात, पाणी जवळजवळ वापरतच नाहीत. नळीत दिवसेंदिवस पाणी तुंबून राहतं, मग जंतूंचं फावणारच. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "बाई, मी त्या खुर्चीत येण्याआधी इथे कोण होतं?" मी कापसाचे बोळे मोजायला लागले.

तुला राग येईल, पण लिहिते. कागद वाचताना पहिल्यांदा माझ्या मनात हेच आलं की ती खुर्ची तुझी होती. लहान मुलांसाठी मुद्दाम बुटकी घेतलेली, हातावर अस्वलाचं चित्र चिकटवलेली. अस्वल अजून आहे, एक कान गेलाय.

ती सहा मुलं मला आठवतात, म्हणजे तुलाही आठवत असणार. दुधाच्या दाढेची नस काढून तू दाढ बुजवलीस, पोरं हसत घरी गेली, आणि महिना-दीड महिन्यानं एकेकाच्या जबड्याखाली गाठ येत गेली. चार महिन्यांत सहा. दोघांना ऑपरेशन लागलं. दोन वेण्या घालणारी ती मुलगी, तिच्या हिरडीखालची पक्की दाढ उगवण्याआधीच काढावी लागली. आणि सगळी मुलं तुझ्या हाताखालची, म्हणून बोट तुझ्याकडे वळलं. मीटिंगमध्ये तू एवढंच म्हणालीस, "माझं कुठे चुकलं ते मला सापडत नाही." मग राजीनामा लिहून दिलास आणि पुन्हा कोणाच्या तोंडात हात घातला नाहीस.

पाण्याची तपासणी तेव्हाही झाली होती. स्वच्छ निघालं होतं. नमुना पहिल्या खुर्चीचा घेतला होता, कारण तिन्हींचं पाणी एकच, असं ठरलं होतं.

मी थांबते. 

ताई

शनिवार, १ फेब्रुवारी

धाकटे,

परवाच्या पत्रात मी कवळीवाल्या डॉक्टरांवर ढकललं. त्यांचा काडीचाही दोष नाही. नळ्यांचाही नाही. सांगते, आणि या वेळी आडवळण न घेता सांगते. मध्येच मी फुशारकी मारायला लागले तर तेवढी ओळ सोडून पुढे वाच.

ज्या वर्षी हे सगळं झालं, त्या वर्षीचा उन्हाळा आठव. पाणी उकळून थेंब थेंब शुद्ध करणारं आपलं यंत्र दमलं होतं. आधी सहा तासांत चार लिटर देणारं, आता अख्ख्या दिवसात तेवढं देईना. मी सरांच्या मागे लागले, ते म्हणाले, बघू. वाफेच्या यंत्रालाही तेच पाणी लागतं आणि खुर्च्यांच्या बाटल्यांनाही तेच. पण माझ्या पाळीत पाणी संपलं असं कधी झालं नव्हतं आणि मी होऊ देणार नव्हते. हा माझा तोरा, तुला माहीतच आहे.

संध्याकाळी पहिल्या दोन बाटल्यांच्या तळाशी पेलाभर पाणी उरायचं. नियमाने ते सिंकमध्ये ओतायचं, बाटली पालथी घालून रात्रभर वाळू द्यायची. मला ते ओतवेना. दिवसभर राखण करून गोळा केलेलं पाणी. मग मी ते दोन्हीकडचं उरलेलं तिसऱ्या बाटलीत ओतायला लागले आणि सकाळी वरून भर घालायला लागले. म्हणजे पहिल्या दोन रोज रिकाम्या होत होत्या, रोज वाळत होत्या. तिसरी कधीच नाही. तू गेलीस तोवरच आठ महिने ती कोरडी झाली नव्हती. तिच्यात आणि तिच्या नळीत आतून थर धरला, चहाच्या पातेल्याला राप धरतो तसा, फक्त हा जिवंत. आणि त्यातून तू पोरांच्या उघड्या नसेवर पाणी सोडत होतीस. पुढे नवीन यंत्र आलं तरी सवय गेली नाही. त्या दिवशी सिंकपाशी बोट बुळबुळीत लागलं तेव्हा मला लगेच कळलं होतं. मी तुला "जरा" असं लिहिलं. जरा नव्हतं.

आता याहून वाईट.

तू मला विचारलं होतंस. गाठ घेऊन तिसरं मूल आलं त्या आठवड्यात. मी चिमटे पाकिटात भरत होते, दोन्ही पोरी समोर होत्या. तू दारात उभी राहून म्हणालीस, "ताई, तिसरीची बाटली तू कशी भरतेस?"

"कशी म्हणजे? बाकीच्या दोन भरते तशीच."

"रिकामी करून? वाळवून?"

"हो."

तेव्हा मला जंतूंचं काही सुचलं नव्हतं, हे देवाशपथ खरं. पण मी वेगळं करते आहे, एवढं तर मला माहीत होतं. तरी हो म्हटलं. का, तर त्या पोरींसमोर तू मला माझं काम विचारलंस. जिला मी शाळेत सोडायला जात होते, जिच्या कॉलेजसाठी मी दोन-दोन पाळ्या केल्या, ती मला विचारणार की बाटली वाळवतेस का. मिरची झोंबली मला. एवढ्यावरून मी खोटं बोलले.

तू म्हणालीस, "मग ठीक," आणि गेलीस. पुन्हा विचारलं नाहीस, झाकण उघडून पाहिलं नाहीस. पुढे नमुना घ्यायची वेळ आली तेव्हा सरांनी मला विचारलं, तिन्हींचं पाणी एकच ना, आणि मी पुन्हा हो म्हटलं. आता तर मला शंका आली होती, सहावं मूल येऊन गेलं होतं. तरीही. पहिला हो मागे घेतला असता तर तुझ्यासमोर तोंडघशी पडले असते.

आणि मीटिंग. मला कोणी विचारलंही नव्हतं. मी आपणहून म्हणाले, "मुलं रडायला लागली की ही घाई करते. दाताभोवती रबराचा पडदा लावायचा असतो, तो लावत नाही." धाकटे, मी कधी तुझ्या खुर्चीपाशी उभी राहिले होते? मी माझी खोली सोडून बाहेर येत नसे. तू पडदा लावत होतीस. वापरलेले पडदे रोज माझ्याच बादलीत पडायचे. सहा मुलं, सहा पडदे, मीच टाकले ते कचऱ्यात.

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. आपण खरंच घाई केली असेल का, असा विचार करत होतीस तू. ते मला दिसलं, तरी माझं वाक्य मी मागे घेतलं नाही.

मला लाज वाटते. हे वाक्य मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं, कसं दिसतं ते बघायला दोनदा वाचलं.

ताई

गुरुवार, १३ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर नाही, आणि मी ते मागतही नाही. काय केलं ते कळवते.

लॅबला मी त्या पाण्याची आणखी एक तपासणी सांगितली होती. दोन वेण्यांच्या मुलीच्या गाठीतून हॉस्पिटलला जो जंतू मिळाला होता, त्याचं नाव तिच्या फायलीत होतं. माझ्या जिभेवर ते बसत नाही, पण अक्षरं जुळवता येतात. अक्षरं जुळली. आपल्या तिसऱ्या खुर्चीच्या पाण्यात तोच आहे.

मी दोन्ही कागद आणि सगळी हकिगत घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नळ्या बदलून टाकू," म्हणाले. "बाटल्या बदलू. औषधाने सगळं धुवून घेऊ. पुढचा नमुना स्वच्छ येईल. विषय संपला."

"आणि मागचा?"

"बाई, तीन वर्षांपूर्वीचं उकरून कोणाचं भलं होणार आहे?"

"तिचं."

"तिचं सगळं ठीक चाललंय. शिकवते. तुमचं काय होईल, त्याचा विचार केलात?"

"केला. मला मीटिंग हवी. त्याच खोलीत, तेव्हा होते ते सगळे, आणि तपासणीवाल्या बाईही."

"मला विचार करू दे."

मी म्हटलं, तुम्ही निवांत करा, तोवर मी सहा घरं फिरून येते. ते उठूनच उभे राहिले. मी दार लोटून घेतलं.

फिरले. एका बापाने मला आत घेतलं नाही, दारातच ऐकलं आणि दार लावलं. त्याचं बरोबरच आहे. एका घरी तो मुलगा आता माझ्या खांद्याला लागतो, त्याला काही आठवतही नाही, जबड्याखालचा व्रण दाखवून म्हणाला, सायकलवरून पडलो होतो. त्याच्या आईने त्याला आत पाठवलं आणि मग माझं सगळं ऐकून घेतलं. दोन घरं गाव सोडून गेलीत, त्यांना पत्रं टाकली आहेत. एका घरी आजोबा होते, ते रडले. मला वाटलं होतं मी खंबीर राहीन. राहिले नाही.

शेवटी दोन वेण्यांच्या मुलीकडे. तिची आई कपडे शिवते. मशीनवर बसली होती, पाय थांबवला नाही. मी दवाखान्याचं नाव घेतल्यावर म्हणाली, "पुन्हा काय? त्या डॉक्टरणीचा तर फोन येतच असतो."

मला कळेना. "कोणत्या डॉक्टरणीचा?"

"तिचाच. दर दोन-तीन महिन्यांनी करते. शेजारची दाढ सरकली का, चावता येतं का, पुढे काय करायचं, कोणाकडे दाखवायचं. पहिल्यांदा मी तिला नाही नाही ते बोलले. तरी करते."

धाकटे, तू त्यांना फोन करतेस. तीन वर्षं. सहाही घरी करतेस का, हे मी पुढे कोणाला विचारलं नाही, मला झेपलं नसतं.

मी म्हटलं, "तिचा दोष नव्हता. पाणी खराब होतं. पाणी मी भरत होते."

तेव्हा मशीन थांबलं. मी सगळं सांगितलं, तो हो सुद्धा. तिने सुईखालचा कपडा सोडवून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी तुम्हाला माफबीफ करणार नाही."

"नका करू."

"पण लिहून द्या. उद्या तुमचं मन फिरेल."

मी तिथेच लिहून दिलं, तिच्या मापाच्या वहीत, कमर आणि बाहीच्या आकड्यांच्या मागच्या पानावर. खाली सही केली. तिने वाचून पाहिलं, एक शब्द लागला नाही तो विचारला, आणि मला पाणी दिलं. मुलगी शाळेत होती. आता तिचे केस कापलेत म्हणे, वेण्या नाहीत.

ताई

मंगळवार, २५ फेब्रुवारी

धाकटे,

काल मीटिंग झाली. सरांनी शेवटी घेतली, कारण तपासणीवाल्या बाईंकडे माझा अर्ज आधीच गेला होता. सरांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "तुम्ही मला कोंडीत पकडलंत." मी म्हटलं, हो. बावीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा एवढं छोटं उत्तर दिलं.

सगळे होते. सर, कवळीवाले डॉक्टर, काउंटरवरची, त्या दोन पोरी, बाई, आणि मुलांपैकी तिघांच्या आया. शिंपीणबाई वही घेऊन आल्या होत्या, मी काही कमी बोलते का ते पडताळायला. मी कमी बोलले नाही. बाटलीचं सांगितलं, दोन्ही वेळच्या ‘हो’चं सांगितलं आणि रबराच्या पडद्याचं सांगितलं. पडद्याचं दोनदा सांगितलं, कारण ते वाक्य नीट ऐकू जायला हवं होतं. इतिवृत्तात ते शब्दशः घ्यायला लावलं. सरांनी एकदा "तिच्या कामात त्रुटी आढळली नाही" असं लिहिलं, मी म्हटलं, असं गुळमुळीत नको, "तिचं काम योग्य होतं आणि तिच्यावर खोटा आरोप झाला" असं लिहा, आणि कोणी केला तेही लिहा. त्यांनी लिहिलं. प्रत सोबत आहे, सह्या सगळ्यांच्या आहेत. दंत परिषदेला तपासणीवाल्या बाई स्वतः पाठवणार आहेत.

माझी खोली गेली. किल्ली मी टेबलावर ठेवली. हलकं वाटलं असं उगाच लिहीत नाही, हात तुटल्यासारखं झालं. कामावरून काढलं नाही. सध्या जुन्या फायली लावायला बसवलंय, पुढचं परिषद ठरवेल. जे ठरेल ते घेईन. त्या दोन पोरींपैकी मोठी आता माझ्या जागी आहे. आज सकाळी तिने तिन्ही बाटल्या माझ्यासमोर पालथ्या घातल्या आणि माझ्याकडे बघत राहिली, रागावते का म्हणून. मी म्हटलं, बरोबर.

आईला रविवारी सांगितलं. दोन दिवस तिने माझं ताट वाढून झाकून ठेवलं. आज म्हणाली, "मी तुझ्यावर जास्त विश्वास टाकला, तीच माझी चूक. मोठी म्हणून." मग भाजी निवडत बसली. मी तिच्या शेजारी बसून निवडू लागले, तिने उठवलं नाही.

मी तुझी माफी मागते, धाकटे. माझ्यामुळे सहा मुलांना गाठी आल्या ती एक गोष्ट, आणि तिची शिक्षा मला होईल. पण तुझ्या कामात खोट नव्हती हे मला माहीत असताना मी तुला तुझ्याच हातांवर संशय घ्यायला लावलं, तीन वर्षं घेऊ दिला, ही दुसरी. तिच्याबद्दल मला शिक्षा करणारं तुझ्याशिवाय कोणी नाही. तुला जे वाटेल ते लिही. काहीच लिहू नकोस असं वाटलं तर नको लिहूस. पण तू पुन्हा पेशंट बघ. मी सांगते म्हणून नाही, तुला येतं म्हणून.

ताई

रविवार, ९ मार्च

ताई,

सगळी पत्रं मिळाली. एक फेब्रुवारीचं पत्र मी वाचून कपाटात कोंबलं आणि पुढची न उघडता त्यावर टाकत गेले. शिंपीणबाईंचा फोन आला, त्यांनी वहीतलं पान मला वाचून दाखवलं, मग सगळी उघडली.

आधी एक गोष्ट माझी. तू हो म्हणालीस तेव्हा झाकण उघडून बघणं माझं काम होतं. डॉक्टर मी होते. तू माझी ताई आहेस म्हणून मी बघितलं नाही. ही चूक मी तुझ्या खात्यात घालू देणार नाही, परिषदेलाही तसं कळवलं आहे. सहाही घरी मी याच आठवड्यात फोन करून हेच सांगितलं.

बाकी सगळं मात्र तुझं. तीन वर्षं मी प्रत्येक मुलाचं प्रत्येक मिनिट आठवून पाहिलं. हातमोजे कधी बदलले, पडदा कुठे फाटला होता का, कोण रडलं, मी घड्याळाकडे पाहिलं का. शेवटी मला न घडलेल्या गोष्टी आठवायला लागल्या. पाचव्या मुलाच्या वेळी मी घाई केली असं मला स्पष्ट दिसायचं. विद्यार्थ्यांना प्लास्टिकच्या दाढेवर पडदा लावून दाखवताना माझी बोटं थरथरायची, मी त्यांना सांगायचे की चहा जास्त झाला.

शुक्रवारी कॉलेजच्या ओपीडीत सात वर्षांची एक मुलगी आली. गाल सुजलेला, दुधाची दाढ, नस काढायची. मुलांच्या डॉक्टर रजेवर होत्या. इतिवृत्ताची प्रत माझ्या पर्समध्ये होती. मी हात धुतले आणि बसले. पडदा लावला. ती खूप रडली, दोनदा उठून बसली, एकदा मला चावली. मी थांबत थांबत केलं. पस्तीस मिनिटं लागली. बोटं थरथरली नाहीत. घरी येऊन मी रडले, बराच वेळ, आणि मग मला तुझा इतका संताप आला की हे पत्र तीनदा लिहून तीनदा फाडलं.

माफीचं आज मी काही लिहीत नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. कागदावर जमत नाही, तू मध्येच विनोद करतेस. शनिवारी सकाळी अकराला येते. तीन वर्षांचं साठलंय, दिवस लागेल, रजा काढून ठेव. आणि आईला त्या वेळी मावशीकडे पाठव, मध्ये पडायला कोणी नको.

धाकटी